जाड आवाजाचं युकुलेले

२ मार्च, रविवार

घसा बसलाय. काल दुकानात गिऱ्हाइकांशी बोलून बोलून आवाज पार गेला.

पण रविवारची सकाळ म्हणजे माझं युकुलेले, ते कसं चुकवायचं? चहा झाल्यावर नेहमीसारखी खिडकीपाशी बसले, हे समोरच्या खुर्चीत. गाणं म्हणायची सोय नव्हती म्हणून नुसतंच वाजवलं. लेकीने शिकवलेलं पहिलं गाणं, मग दुसरं. दुसरं तर कधी नव्हे ते एकही बोट न अडखळता! मान वर करून बघते तर हे माझ्याकडे टक लावून बसलेले.

"अगं, सुरू कर ना. कधीची नुसत्या तारा जुळवत बसलीयस."

मला वाटलं, थट्टा करतायत. मी खुणेने सांगितलं, झालं की वाजवून. तसे एकदम गडबडले. "हां हां. वा. छान झालं." आणि पेपर उघडून त्यात तोंड घातलं.

दर रविवारी "वा" म्हणतात. आज पहिल्यांदा ते ऐकून मी पुढचं गाणं न वाजवताच युकुलेले ठेवून दिलं.

३ मार्च

यांना थोडं कमी ऐकू येतं हे मला ठाऊक होतं, मी काही दूधखुळी नाही. टीव्ही मोठा लागतो, दारावरची बेल कायम माझ्याच वाट्याला. पण बोललेलं सगळं कळतं, म्हणजे कान तसे बरे असणार, असं मी धरून चालले होते.

आज दुकानात एका पॅंटची चेन बदलता बदलता डोक्यात प्रकाश पडला. यांचा जन्म गेला बाटल्यांच्या कारखान्यात. पट्ट्यावरून काचेच्या बाटल्या एकमेकींवर आपटत येणार आणि हे दिव्यासमोर उभं राहून तडा गेलेली बाटली हुडकणार. त्या खणखणाटात कुणाचं कुणाला ऐकू यायचं नाही. सगळे ओठ बघून बोलायचे, उरलंसुरलं हातवाऱ्यांनी. नवीन लग्न झालं तेव्हा मी खुशीत असायचे — नवरा बोलताना किती प्रेमाने तोंडाकडे बघतो!

लेक नोकरीच्या गावी जाताना युकुलेले माझ्याकडे टाकून गेली, तेव्हापासून मी यांच्यासमोर गातेय. आणि हे ऐकत नव्हतेच, माझे ओठ वाचत होते. काल ओठ मिटलेले होते, म्हणून उघडं पडलं.

४ मार्च

घसा सुटला. खात्री करून घ्यायची म्हणून भांडी विसळताना यांच्याकडे पाठ करून नेहमीच्या आवाजात म्हटलं, "मी घर सोडून चाललेय."

काही नाही.

मग वळून, तोंड समोर करून, "चहा घेणार?"

"अर्धा कप."

लेकीला फोन केला. म्हणाली, "आई, बाबांना कानाच्या डॉक्टरांकडे ने ना." जशी काही मी यांना पिशवीत घालून नेणारे.

५ मार्च

विषय काढला. नको तितका गोड आवाज करून काढला, त्याचाच यांना संशय आला असावा.

"माझे कान ठणठणीत आहेत. लोकच हल्ली पुटपुटतात."

"बातम्या देणारीसुद्धा?"

"ती तर सगळ्यात जास्त."

संपलं. पुढे बोलायची सोयच नाही.

डॉक्टर नाही तर नाही. पण मला यांनी ऐकायला हवंय. खरंखुरं. मी काही स्टेजवर वाजवत नाही, माझा श्रोता मिळून एकच. त्याच्यापर्यंत एक सूरही पोचत नसेल तर मी कुणासाठी बोटं सोलून घेतेय?

६ मार्च

आज दिवसभर पाळत ठेवली. वरच्या मजल्यावर कुणी खुर्ची सरकवली की यांच्या कपाळाला आठी. वॉशिंग मशीन गदगदायला लागलं की आतल्या खोलीतून, "कपडे एका बाजूला गोळा झाले बघ!" पण किटलीची शिट्टी नाही, फोनची घंटी नाही आणि माझं युकुलेले नाही.

म्हणजे जाड आवाज पोचतो. बारीक आवाज दारातूनच परत जातो. आणि माझं युकुलेले म्हणजे जेमतेम दोन विती लाकूड, आवाज चिमणीचा.

मग जाड आवाजाचं दुसरं घ्यायचं! इतकं सोपं!

या आनंदात एका शर्टाला डावी बाही उजवीकडे लावली. मालकीणबाई म्हणाल्या, "लक्ष कुठे आहे तुमचं?" मी सांगितलं, नवऱ्याकडे. दुकानभर हशा.

८ मार्च, शनिवार

आणलं! आणलं! सविस्तर लिहिते.

यांना न्यायचं कसं हा प्रश्न होता. म्हटलं, नवीन घेताना लाकडाला तडा नाही ना हे बघायला तुमच्यासारखी नजर हवी. लगेच शर्ट बदलून तयार. स्तुती मात्र बरोब्बर ऐकू येते.

वाद्यांचं दुकान चिंचोळं, दोन्ही भिंती वाद्यांनी भरलेल्या. दुकानदार दाढीवाला, मृदू बोलणारा. म्हणजे यांच्या मते पुटपुटणारा, त्यात दाढीमिशांनी ओठ झाकलेले. त्यामुळे हे त्याच्याशी बोललेच नाहीत. एकेक युकुलेले दिव्याखाली धरून उलटंपालटं करत बसले. तेवढ्यात मी दाढीवाल्याला कानात खरं काय ते सांगितलं.

त्याने तीन काढली. एक माझ्या जुन्याएवढंच, फक्त लाकूड वेगळं. दुसरं मधलं — अंगाने भरलेलं, आणि वरच्या बारीक तारेच्या जागी जाड तार चढवलेली, त्यामुळे आवाजाला बूड येतं म्हणाला. तिसरं बॅरिटोन. ते केवढं थोरलं! गिटारचं धाकटं भावंडच. ते मी मांडीवर घेऊन बसले तर मला कुणी बघायला नको. तेव्हा मनातून मी मधलंच ठरवून टाकलं होतं.

यांना समोरून सांगून मग स्टुलावर बसवलं, माझ्याकडे पाठ. "आज डोळ्यांना सुट्टी. फक्त ऐकायचं." ओठ घट्ट मिटून मी मधलं वाजवायला घेतलं. आणि काय सांगू! यांची मान डोलायला लागली. पाय ठेका धरायला लागला. मी थांबले तर पायही थांबला. "वा," म्हणाले, "हेच घे."

घरी येईपर्यंत माझे पाय जमिनीला लागत नव्हते.

९ मार्च, रविवार

यांच्या खुर्चीमागे उभं राहून नवीन युकुलेलेवर अख्खं गाणं वाजवलं. हे शब्दकोडं सोडवत होते. मध्ये एकदा जांभई दिली. मग मला हाक मारली, "अगं, कुठे गेलीस? वाजवणार होतीस ना?"

१० मार्च

दुपारच्या सुट्टीत डबा तसाच ठेवून वाद्यांच्या दुकानात. म्हटलं, तुमच्या दुकानात ऐकू येतं आणि आमच्या घरात येत नाही, ही काय भानगड? दाढीवालाही चक्रावला. मी त्या स्टुलावर जाऊन बसले. यांचा चेहरा होता त्याच दिशेला चेहरा केला.

समोर व्हायोलिनचं काचेचं कपाट. आणि काचेत, माझ्या मागे युकुलेले घेऊन उभा असलेला दाढीवाला — बोटं, तारा, सगळं स्वच्छ!

ज्या माणसाने आयुष्यभर काचेत बघण्याचा पगार घेतला, त्याला मी काचेसमोर बसवून कानाची परीक्षा घेतली. माझ्या अकलेचे तारे! मला इतकं हसू आलं की स्टूल हललं. दाढीवाला तर चष्मा काढून डोळे पुसत होता. "काका पक्के आहेत," म्हणाला. "बदलून देतो काकू. पण यावेळी निवडायचं काम त्यांनाच करू द्या."

११ मार्च

हसू दुकानात संपलं. घरी आल्यावर राग आला. काल गिळला, आज बाहेर पडला.

"मला फसवलंत तुम्ही."

आधी कसलं-काय-कुठे करून झालं. मग म्हणाले, "तू इतकी डोळे लावून बसली होतीस. नाही कसं म्हणू?"

आणि नंतर खरं आलं. यांच्या पट्ट्यावरचा सोबती होता, लंबू. त्याने कानात मशीन बसवलं. हे त्याला भेटायला गेले तर सून त्याच्या तोंडाजवळ जाऊन ओरडत होती, "जेवलाऽऽत का? हाऽऽत धुतले का?" "मशीन लावून त्याला ऐकू यायला लागलं," हे म्हणाले, "पण तोवर सगळ्यांना त्याच्याशी तसंच बोलायची सवय लागून गेली. मला कुणी तसं बोललेलं नाही चालणार."

माझा राग अर्धा तिथेच उतरला. पण उरलेला अर्धा मी सोडला नाही. सरळ सांगितलं — "मला तुमचं वा नकोय. ऐकू नाही आलं तर नाही म्हणा, मी रडत बसणार नाही. खोटं वा म्हणालात की मला एकटीला बसवून ठेवल्यासारखं वाटतं."

यावर यांनी उठून कपबश्या विसळल्या.

१२ मार्च

अबोला. पण चहा दोघांचा यांनीच केला.

१५ मार्च, शनिवार

सकाळी स्वतःच म्हणाले, "चल, ते बदलून आणू."

दुकानात गेल्यावर यांनी आपल्या हाताने स्टूल उचललं, कोऱ्या भिंतीकडे तोंड करून ठेवलं आणि डोळे मिटून बसले. दाढीवाल्याला म्हणाले, "आमच्या कारखान्याची पद्धत. मूठ वर केली की माल पास. हात आडवा फिरवला की फोडून टाका." दाढीवाल्याने घाबरून वाद्य छातीशी धरलं.

सुरू करताना मी यांच्या खांद्याला हात लावायचा, असं ठरलं. पहिलं, लहान. हात आडवा.

दुसरं, मधलं — ज्यावर गेल्या शनिवारी ठेका धरला होता तेच. बराच वेळ काही नाही. मग ओशाळं हसून हात आडवा.

बॅरिटोन मी नाइलाजानेच घेतलं. सगळ्यात जाड तार छेडली. मूठ वर गेली नाही. माझा धीर सुटत चालला. आता पुढे काय, संपलं की सगळं.

"परत."

परत छेडली.

"अगं, आहे," हे म्हणाले. "आहे काहीतरी. परत."

मग पुढची तार. मग तिसरी. प्रत्येक वेळी मान थोडी तिरकी करून, जपून, खात्री करून घेत होते. चौथ्या बारीक तारेला हात आडवा. पण चारातल्या तीन! यांनी मूठ वर केली आणि तशीच धरून ठेवली. मला रडू आवरेना. दाढीवाला उगाचच खणात काहीतरी शोधायला लागला.

मग हे उठले, बॅरिटोन हातात घेतलं आणि दिव्याखाली धरून कसून तपासलं. "तडा नाही," म्हणाले. "घे."

१६ मार्च, रविवार

मांडीवर मावत नाही. शेजारीण खिडकीतून बघून म्हणाली, "वाढलं वाटतं तुमचं!"

बोटांच्या जागा त्याच, पण सूर कितीतरी खाली उतरतो. त्यामागून मलाही उतरावं लागतं, आणि तिथे खाली माझा आवाज चांगलाच घोगरा निघतो. गंमत म्हणजे तोच बरा वाटतो. मान लांब असल्यामुळे करंगळी मात्र जागेवर पोचतच नाही.

गाणं संपल्यावर हे सवयीने "वा" म्हणाले आणि जीभ चावली. "म्हणजे, बरंचसं आलं ऐकू. सगळं नाही."

"चालेल," म्हटलं.

२० मार्च

करंगळी सुजलीय. कापड धरवत नाही. मालकीणबाईंनी बटणं लावायचं काम काढून घेतलं. मी मजेत आहे.

२३ मार्च, रविवार

आज सकाळी आतल्या खोलीत दार लोटून सराव करत बसले होते. गात नव्हते, नुसतं वाजवणं. हे स्वयंपाकघरात बटाटे सोलत होते. मी एकच जागा पुन्हा पुन्हा घोटत होते, तर तिकडून आवाज आला —

"अगं, ते चुकतंय."

"काही चुकत नाहीये," मी इथूनच ओरडले. "तुम्हाला काय कळतंय त्यातलं?"

आणि मग हातच थांबला. मध्ये भिंत. दार लोटलेलं. माझं तोंड यांना दिसत नाही, बोटं दिसत नाहीत.

उठून गेले. हे सोलाणं हातात घेऊन उभे. "खाली उतरतेस ना, तिथे. दर वेळी तिथेच अडखळतेस."

वाजवून बघितलं. बरोबर होतं यांचं! पण मी कबूल करते होय? चांगलं कडाकडा भांडून घेतलं. बटाटे राहिले बाजूला, जेवायला तीन वाजले. इतक्या रविवारच्या इतक्या "वा"ंनी झाला नव्हता एवढा आनंद मला आज झालाय.

२४ मार्च

मी कामाला निघाले तर हे माझ्याआधी चपला घालून दारात. "कानाच्या डॉक्टरांकडे चाललोय," म्हणाले. "तुझ्या चुका तरी पूर्ण ऐकू येऊ देत."