पहिला फोटो गणपतीचा

सोमवार, २२ जानेवारी २००७
आलं — डिजिटल कॅमेरा, दोन कार्डं, चार्जर. दिले बावन्न हजार. विद्याच्या लग्नासाठी जपलेल्या बांगड्या गेल्या त्यात. हे म्हणतात, रोलवाल्या फोटोग्राफरला आता लग्नाला कोणी बोलवत नाही, सगळ्यांना सीडी हवी. खरं आहे. पण मुलगी बघायला येणारे आधी बांगड्याच बघतात.

फ्रिजमध्ये दह्याशेजारी सहा रोल उरलेत. पुढे रोलच्या रिकाम्या डब्या मिळणार नाहीत. हिंग कशात ठेवू?

संध्याकाळी कॅमेऱ्याला कुंकू लावलं. काचेला नको! — हे ओरडलेच. पहिला फोटो गणपतीचा काढायचा होता. ऐन वेळी विद्या नैवेद्याचं हरभऱ्याचं सुंडल तोंडात कोंबून मध्ये आली. गाल फुगलेले, डोळे अर्धे मिटलेले. गणपतीचा एक कान तेवढा आलाय. पुसून टाका म्हटलं. पुसायचं बटण अजून सापडलं नाही म्हणे.

बुधवार, २४
फोटो काढला की ह्यांचा अंगठा आपोआप रोल ओढायला जातो. ओढायला काही नाही.

शुक्रवार, २ फेब्रुवारी
काल अड्यारला पहिलं डिजिटल लग्न. मलाही बोलावणं होतं. पूर्वी फोटो आठ दिवसांनी दिसायचे, रुसवेफुगवे तेव्हा. आता जागच्या जागी! सगळे ह्यांच्या पाठीशी, मंडपाकडे कोणी बघेना.

मंगळसूत्राची पहिली गाठ नवऱ्यामुलाने बांधली, उरलेल्या दोन त्याच्या बहिणीने — आपली तंजावरकडची रीतच. मग तिने कॅमेऱ्यात डोकावलं. तिचेच डोळे मिटलेले! म्हणाली, "अंकल, गाठी सोडते, परत बांधते. परत काढा."

बांधलेलं मंगळसूत्र सोडणार! माझ्या अंगावर काटा. हे तिला हळूच म्हणाले, "अम्मा, फोटो परत निघेल. गाठ परत नाही." आणि कॅमेरा चक्क बंद केला.

बहीण चिडली. रिसेप्शनचे फोटो दुसऱ्याला दिले. येताना बसमध्ये मला बांगड्याच दिसत होत्या. तरी आज ह्यांच्या पायसात चार काजू जास्त घातले.

रविवार, ११
स्थळांना पाठवायला हे विद्याचा फोटो काढायला बसले. फुकट आहेत म्हणून शंभर काढले! एकात नाक बरं नाही, एकात हनुवटी. एकही पसंत नाही. पुसायचं बटण विद्याला सापडलं, ती सगळे पुसत सुटली. सुंडलाचा तेवढा ह्यांनी पुसू दिला नाही — कॅमेऱ्याची भवानी आहे म्हणे.

बुधवार, २१
तंजावरहून पत्र. अड्यारच्या नवऱ्यामुलाची आत्या, राजसबाई. त्या दिवशी मंडपातच होत्या. त्यांचा मुलगा श्रीपेरुंबुदूरला इंजिनियर. लिहितात —

"ज्यांनी गाठ सोडू दिली नाही त्यांच्या घरची मुलगी करायची आहे. सोन्याचं काही लिहू नये. पत्रिका पाठवावी, फोटोही. पण हल्ली शंभर काढून एक पाठवतात, तसा नको. कॅमेऱ्यात मुलीचा पहिला जो आला असेल तोच पाठवावा. उलट टपाली कळवावे."