बाबांचा आवाज, एकेक फाइल

४ फेब्रुवारी
बाबांची सगळी वाक्यं रेकॉर्ड झाली. हुश्श! सोमवारी घशातल्या गाठीचं ऑपरेशन. "स्वरयंत्र काढावं लागेल, अशी मनाची तयारी ठेवा," डॉक्टर म्हणाले. तसं झालं तर बाबा फोनवरची बटणं दाबून बोलणार – पण स्वतःच्याच आवाजात. फायलींना नावं त्यांनीच दिली. ‘चहा नको आता’. ‘पंखा बंद कर’. ‘तुझ्या आईला विचार’. आई म्हणाली, "ते शेवटचं काढ गं, ऊठसूट माझ्यावर ढकलतील."

५ फेब्रुवारी
प्रत्येक फायलीच्या मागची-पुढची शांतता कापायचीय, आवाज सारखा करायचाय. हातानं कधी होणार? म्हणून पायथनमध्ये छोटा प्रोग्राम लिहिला – तो एकेक फाइल ऑडिओ टूलकडे सोपवणार. तर टूल म्हणतं, ‘चहा’ नावाची फाइल सापडत नाही! मी अख्खी कमांड एका ओळीत दिली होती. मोकळी जागा दिसली तिथं त्यानं नावाचा तुकडा पाडला. चहा वेगळा, नको वेगळं, आता वेगळं.
बाबा दारातून – "जमतंय का गं?"
"जमेल की," म्हटलं. मान वर न करता.

६ फेब्रुवारी
नावांभोवती अवतरणचिन्हं लावली. चाललं! आणि ‘राणीसरकार’पाशी आडवं पडलं – आईला मारायच्या त्या हाकेच्या फायलीच्या नावातच बाबांनी अवतरणचिन्हं घालून ठेवलेली. धन्य!
ऑफिसात शेजारच्या मैत्रिणीला दाखवलं. "अगं, ओळ कशाला रचतेस? यादी दे. टूलचं नाव, फायलीचं नाव, सगळं सुटं सुटं. मग नावात काहीही असू दे."
यादी केली. तरी रुसलं! शांतता कापायची सूचना आणि किती कापायची तो आकडा मी यादीच्या एकाच घरात कोंबले होते. तेही वेगळे केले. मग आकडा आकडा म्हणून चालेना, मजकूर करून दिला.
आणि धडाधड सगळ्या फायली तयार! एक लावली. "पंखा बंद कर." स्वच्छ, खणखणीत. ऑफिसातच डोळे भरून आले. मैत्रिणीनं गुपचूप पंखा बंद केला – वेडी!

८ फेब्रुवारी
बाबांनी बटणं दाबून पाहिली. "मी इतका खेकसतो?"
आई – "आज कळलं!"
खूप हसलो. नंतर आईनं दवाखान्याची पिशवी भरायला घेतली.

९ फेब्रुवारी
डॉक्टर बाहेर आले. गाठ वरवरचीच निघाली. स्वरयंत्राला धक्काही लावावा लागला नाही!