चाळिसाव्याचा धूर

कुदुस, ११ मार्च १९९६

चि. विनार्तीस,
अनेक आशीर्वाद. तुझी वहिनी गेल्याची तार मिळालीच असेल. रिवाजाप्रमाणे सात संध्याकाळ घरी प्रार्थना ठेवली. चटया, चहा, भात, सगळं होतं. फक्त पाहुण्यांसाठी पेल्यात लवंगी सिगारेटी मांडतात, त्या मांडल्या नाहीत. तुझ्या लास्त्रीवहिनीने जन्मभर कारखान्यात सिगारेटी वळल्या, पण मला दम लागायला लागला तेव्हा तिनेच माझी सवय सोडवली. तिच्या नावाने घरात धूर कसा करू?

पहिल्या दिवशी अख्खी गल्ली लोटली. मग एकेक जण गळाला. शेवटी इमाम आणि शेजारचा बहिरा रुस्दी, एवढेच उरले. कार्जो बायकोच्या मरणातही चिक्कूपणा करतो, असं बोलतात म्हणे. तिच्यासाठी आमीन म्हणायला माणूस नाही गं! चाळिसाव्या दिवसाच्या प्रार्थनेला काय करू?
लोभ असू दे.
तुझा कार्जोदादा

पालेंबांग, २० मार्च

ती. दादास,
सलाम. वि. वि. पेला भरलास तर याद राख! छातीची आधीच चाळण झालीये आणि निघालाय पाहुणचार करायला. मेल्यांना वहिनी नको, फुकटच्या सिगारेटी हव्यात. दोघं आले तर दोघांत उरक. वहिनी असती तर तोच पेला तुझ्या डोक्यात घातला असता. शंभराव्याला मी येतेच आहे. तोवर जीव सांभाळ, मला दुसरं माहेर नाही.
तुझी विनार्ती

कुदुस, २१ एप्रिल

चि. विनार्तीस,
आशीर्वाद. रागावू नकोस, सिगारेटी मांडल्या. घर भरलं गं! तुझ्या वहिनीच्या आठवणी काढून लोक हसले, रडलेसुद्धा. मी मागच्या दारी नाकाला ओलं फडकं लावून ऐकत होतो. एवढं मोठं आमीन झालं की राहवेना, आत गेलो. खरं सांगू? तो वास आला आणि बरं वाटलं. स्वतःची लाज वाटली. तिचं नाव घ्यायला तोंड उघडलं, पण दम पुरला नाही. मला उचलूनच दवाखान्यात नेलं.

डॉक्टर म्हणतात, धुराजवळ फिरकायचं नाही. म्हणजे लग्नात नाही, चहाच्या टपरीवर नाही, मशिदीच्या ओट्यावरही नाही. मग जायचं कुठे? दिवसभर दार उघडं ठेवून बसतो, कोणी येत नाही. जीव नकोसा झालाय.

शंभराव्याला ये, पण मी सिगारेटी मांडून आत सगळ्यांत बसेन, मला अडवू नकोस. आणि माझ्या वेळीही सिगारेटी मांड, विने. नाहीतर माझ्यासाठी कोण येणार?

आहे तो लोभ राहू दे.
कार्जोदादा