शेवटच्या ओळीतलं नाव

बाबा,

तुझ्या गाडीचं इंजिन गेलंय, पण बॅटरी जोडली की कॅसेट प्लेयर अजून चालतो. स्टेट कॉलेजला, आपल्या या गावी, परत आल्यापासून मी रोज दुपारी ड्राइव्हवेमध्ये तिच्यात जाऊन बसतो. आई खिडकीतून बघते. कॅसेट तीच, तुझ्या त्या कंट्री सिंगरची. लढाया, बुडालेली जहाजं, जुन्या काउबॉय सिनेमांची टायटल साँग्ज. किराण्याला लांब जायचो तेव्हा वाटभर तो गायचा आणि तू म्हणायचास, हा इथला शाहीर. मग स्टीअरिंगचा डफ व्हायचा, आई आणि मी मागून 'जी जी रं जी' ओढायचो, आणि गाणं संपताना शाहीर स्वतःचं नाव गुंफतो तसं तू तुझं नाव घुसवायचास. आई म्हणायची, "गाणं त्याचं आणि नाव तुझं? चोर आहेस." तू म्हणायचास, "मेलेला माणूस केस करायला येत नाही." मी आठवीत असताना तूच गेलास.

कॉलेज मी एका मुलीसाठी सोडलं. ती जॉबसाठी शिकागोला गेली, मागोमाग मी. डेव्हन ॲव्हेन्यूवर एका दुकानात मिठाईची खोकी भरत होतो. तिनं बोलावलं नव्हतं. तिथल्या महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमात ती पुढच्या रांगेत बसली होती, शेजारी तिचं ज्याच्याशी ठरलं होतं तो मुलगा, आणि क्युपर्टिनोहून खास तिला बघायला आलेले त्याचे आईवडील. माझं डोकंच फिरलं यार. मी स्टेजवर त्या सिंगरचं हरलेल्या पलटणीचं गाणं मराठीत बांधून पोवाड्याच्या चालीवर म्हणतोय, अख्खा हॉल जी जी करतोय, आणि शेवटच्या ओळीत, जिथं शाहिराचं नाव यायचं, तिथं मी तिचं नाव घातलं. आडनावासकट. त्या मुलाची आई पर्स उचलून उठली.

मी बाहेर पडलो, तर ती पुढच्या रांगेतून उठून माझ्यामागं पार्किंग लॉटमध्ये आली. मला वाटलं, आली. माझ्याकडं आली. ती ओरडलीसुद्धा नाही. म्हणाली, "तुझ्या गाण्यातली माणसं मेलेली असतात, म्हणून गप्प बसतात. मी जिवंत आहे रे. मला विचारायचं होतंस." मी कुणाच्या तरी गाडीवर मूठ आपटली. वळून बघितलं तर ती निघून गेलेली.

तिचं लग्न राहिलं की मोडलं, मला माहीत नाही. तिनं नंबर ब्लॉक केलाय आणि मंडळातले काका माझा फोन उचलत नाहीत.

आज कॅसेट शेवटपर्यंत ऐकली. तू तुझं नाव कसं घुसवायचास ते आठवेल म्हणून थांबलो, तर तिचंच वाक्य ऐकू आलं. हे पत्र ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवतोय, दुसरीकडं कुठं टाकणार. बाबा, तुझा आवाज मला आठवत नाही. कधीचाच आठवत नाही. तुझा म्हणून इतकी वर्षं जो मनात ऐकत आलो, तो त्या सिंगरचा आहे.