तोंडावर बोट

२ जुलै
आले एकदाची. घुग्घुसच्या कोळशाच्या धुळीतून सुटले. भामरागड आणि आमच्यामध्ये फक्त पर्लकोटा नदी. अलीकडच्या काठाला ही मुलींची आश्रमशाळा आणि मी तिच्या वसतिगृहाची नवी अधीक्षिका. नवऱ्याला, प्रफुलला, खाणीतली नोकरी सोडता येत नाही, म्हणून क्वार्टरमध्ये मी आणि सहा वर्षांची संघप्रिया, आमची संघू. तिची बडबड दिवसभर सुरूच. स्वयंपाक करणाऱ्या कलाबाईंनी आल्याआल्या तिला मांडीवर घेतलं. मला फार बरं वाटलं.

५ जुलै
मुली सगळ्या जंगलातल्या गावांतून आलेल्या. जेवता जेवता उठतात, खिडकीत चढतात, गोंडीत काहीतरी सांगून खिदळतात. घरी यांना कुणी रागवतच नसावं. पोचू नावाचा एक बाप त्याच्या मंगलीला पहिलीत सोडायला आला आणि ती रमेपर्यंत पायरीवर बसून राहिला. जाताना मला म्हणाला, "तिले मारू नोको बाई. आमच्यात लेकराले कोणी मारत नाई." मला हसू आलं. माझ्या आईने मला फोकाने सरळ केलं, म्हणून मी शिकले. मी फोक हातात धरणार नाही, पण शिस्त लावणारच.

९ जुलै
तीन दिवसांपूर्वी नियम केला. वसतिगृहात मराठीच बोलायचं. गोंडी ऐकू आली की हाताची घडी, तोंडावर बोट, आणि मी "काढा" म्हणेपर्यंत कुणीही काढायचं नाही. आता जेवणघरात टाचणी पडली तरी ऐकू येईल. तपासणीला आलेल्या साहेबांनी पाठ थोपटली.
मंगलीला मराठी येत नाही, त्यामुळे तिचं बोट बहुतेक वेळ ओठांवरच. काल तिला बाहेर जायचं होतं, ते सांगता आलं नाही, बसल्या जागी फ्रॉक ओला झाला. मी सगळ्यांसमोर ओरडले. संघूही गोंडी गाणं म्हणत आली. आपली म्हणून सूट कशी देणार? तिलाही बसवलं.

१५ जुलै, भामरागड
सकाळीच प्रशिक्षणाला आले. विषय काय, तर पालकत्व. भीतीत वाढलेल्या मुलांची वाचा बसते, वाढ खुंटते, असं एक मॅडम पडद्यावर दाखवत होत्या. माझे कान तापले. शेजारणीला वाटलं, मला ताप आहे.
निघताना जीपवाला घाई करत होता. मुली ओळीत बसल्या होत्या, संघूही त्यांच्यात, बोटं ओठांवर. मी "काढा" म्हणाले होते का? आठवत नाही. पुलावरून पाणी गेलंय. फोन लागत नाही.

१८ जुलै
पाणी उतरताच आले. ओळी तशाच होत्या. कलाबाई रडत म्हणाल्या, "मी गोंडीत सांगतलं, मराठीत सांगतलं. आयकूनच नाई राह्यल्या. तुमच्याच तोंडून पाह्यजे त्याईले." पाणी कसंबसं चमच्याने पाजलं म्हणे, घास एकीनेही घेतला नाही. तरी एकही मुलगी थकलेली दिसत नव्हती.
संघू मंगलीच्या शेजारी बसली होती. मी "काढा" म्हणाले. सगळे हात एकदम खाली आले. ओठ मात्र उघडले नाहीत.

२० जुलै
डॉक्टर म्हणाले, घशात काही दोष नाही, धक्का बसला असेल. कुणी दिला, ते त्यांनी विचारलं नाही. मी सांगितलंही नाही.
दुपारी प्रफुलचा फोन आला. संघूला दे म्हणाला. ती झोपलीय, म्हणाले. ती समोर बसून माझ्याकडे बघत होती. लाजेने मान वर होईना. तिचा आवाज परत यावा, एवढंच मला हवंय. मग नोकरी गेली तरी चालेल.

२२ जुलै
पोचू आला. दुरूनच लेकीला हाका मारत होता. मंगली उठली, त्याच्या कडेवर चढली आणि तिने आपलं बोट त्याच्या ओठांवर ठेवलं. तो हसता हसता गप्प झाला.
अजून पायरीवर बसलाय. हाताची घडी घालून. मी "काढा" म्हणाले. तो माझ्याकडे बघतही नाही.

२३ जुलै
कलाबाईसुद्धा. भात चुलीवर करपला. शेजारच्या गावाकडूनही कसलाच आवाज नाही —
मी मुलींची माफी मागितली. मराठीत. गोंडीत माफी कशी मागतात, तेही मी शिकले नाही.

२४ जुलै
संघू दाराबाहेर उभी आहे. मागे सगळ्या. कडी लावता येईल — पण माझीच लेक. तिच्या तोंडावर दार कसं लावू —

उघडलं.

ओठांवरचं तिचं बोट कोमट आहे. इवलंसं. मी नको म्हणाले नाही, कुठल्या तोंडाने म्हणणार. ओठ हलत नाहीत आता —
लिहिता येतंय. प्रफुल, इथे येऊ नकोस. आलासच तर तिला रागवू नकोस, जवळ घे. ती जे शिकली ते माझ्याकडून — माझ्याच —
मुलींनी माझ्या दुसऱ्या हाताची पोटाशी घडी घातली. आता हा लिहिता हात धर