मी गेल्यावर पंप कोण लावणार?

१ मार्च
निर्णय झाला. हे घर विकायचं. हिचे गुडघे तिसऱ्या मजल्याला कंटाळलेत, बिल्डिंगला लिफ्ट नाही, आणि मुलीने तिच्या घराजवळ तळमजल्यावरचा एक फ्लॅट शोधून ठेवलाय. त्याचा मालक महिनाअखेरपर्यंत थांबेन म्हणतो. तोवर इकडचं घर गेलं नाही तर तो फ्लॅट दुसऱ्याला देणार. ही सारखी कॅलेंडरकडे बघतेय. उगाच. मी मनावर घेतलं तर आठवड्यात काम होईल.
खरा प्रश्न घराचा नाहीच. बिल्डिंगचा आहे. बारा बिऱ्हाडं. मी गेल्यावर पहाटे उठून पंप कोण लावणार?

२ मार्च, पहाटे
पंप लावला. जिन्याखालचं लाल बटण. इतक्या वर्षांत माझ्याशिवाय कोणी त्याला हात लावलेला नाही. मी सेक्रेटरी नाही, चेअरमन नाही, मला कोणी हे काम सांगितलेलंही नाही. जबाबदारी घ्यायला पद लागत नाही. तीन वर्षांपूर्वी नवा पंप बसवला, तेव्हापासून त्याचा अजिबात आवाज येत नाही. चांगल्या कंपनीचा घ्या, असं मीच बजावलं होतं.
बोर्डावर नोटीस लावली: ‘तिसऱ्या मजल्यावरील रहिवासी लवकरच इमारत सोडून जात आहेत. कोणीही खचून जाऊ नये.’ ही म्हणाली, दुसरं वाक्य काढा. नाही काढलं. लोकांना मनाची तयारी करायला वेळ द्यावा लागतो.

४ मार्च
नोटिशीचा परिणाम दिसायला लागला. वरच्या मजल्यावर एक ढोलक्या राहतो. नोकरी बँकेत, पण घरी आल्यावर ड्रम बडवतो म्हणून मी त्याचं हे नाव ठेवलंय. तो धावतच खाली आला. काका, नक्की ना? नक्की जाताय ना? परत परत विचारत होता. आवाज कापत होता बिचाऱ्याचा. मी पाठीवर हात ठेवला. तळमजल्यावरच्या स्कूटरवालीने तर नोटिशीचा मोबाइलवर फोटो काढला. आठवण म्हणून असणार.
ठराव: शेवटचा महिना सगळ्यांशी गोडीने वागायचं. नोटिशींत ‘सक्त ताकीद’ ऐवजी ‘नम्र विनंती’ लिहायचं.

४ मार्च, दुपारी
स्कूटर पुन्हा जिन्याच्या तोंडाशी. सक्त ताकीद लावली.

८ मार्च
पहिलं गिऱ्हाईक. नवराबायको आणि एक छोटी मुलगी. एजंट त्यांना थेट घरात नेत होता. एजंट लोकांना घर म्हणजे नुसत्या खोल्या दिसतात. मी मध्ये पडलो आणि आधी नोटीस बोर्ड दाखवला. सगळ्या नोटिसा लॅमिनेट केलेल्या. मग विचारलं, सकाळी किती वाजता उठता? मुलगी जिन्यात धावते का? पाहुणेरावळे किती? बाईंनी मुलीचा हात घट्ट धरला, तो शेवटपर्यंत सोडला नाही. बेडरूम न बघताच गेले.
एजंट म्हणाला, काका, तुम्ही घर विकताय की नोकरभरती करताय? मी म्हटलं, दोन्ही. माझ्यामागे ही बिल्डिंग मी कोणाही ऐऱ्यागैऱ्याच्या हाती देणार नाही. त्याने कपाळाला हात लावला. नवीन दिसतो या धंद्यात.

११ मार्च
आणखी दोघे येऊन गेले. एक शिट्टी वाजवत जिना चढला. बाद. दुसरा माणूस बरा होता, पण माझे प्रश्न निम्म्यावर आले असताना त्याला आठवलं की आपण गाडी चालूच ठेवून आलोय. तो चालत आला होता. मी गॅलरीतून पाहिलं होतं.
ही गुडघ्यावर गरम पाण्याची पिशवी ठेवून बसली होती. म्हणाली, महिना चाललाय, तो फ्लॅट हातचा जाईल. मी म्हटलं, माझ्यावर विश्वास ठेव. ठेवला असावा. लगेच मुलीला फोन लावला.

१४ मार्च
दुपारी झोपेतून उठलो तर दारात ही, ढोलक्या आणि स्कूटरवाली हळू आवाजात बोलत उभी. मी दिसताच तिघं गप्प. ढोलक्या छताकडे बघायला लागला. निरोप समारंभ ठरतोय, दुसरं काय! मला काही कळलं नाही असं दाखवून परत आत गेलो. चेहऱ्यावरची रेषही हलू दिली नाही.
भाषण लिहायला घेतलं. सुरुवात: माझ्या प्रिय प्रजाजनांनो. खोडलं. माझ्या प्रिय रहिवाशांनो.

१५ मार्च
ही म्हणाली, नव्या घराच्या खिडक्या मोजून आणा, पडदे शिवायला टाकायचेत. दुसऱ्या कोणाला इतकं अचूक जमणार नाही म्हणाली. खरंच आहे. टेप घेऊन गेलो. दोन बस बदलाव्या लागतात.

१६ मार्च
मी रुंदी आणली होती. आता उंचीही हवी म्हणते. आधी सांगायला काय झालं होतं? पुन्हा दोन बस. बायकांना कामाचं नियोजन जमत नाही.

१८ मार्च
आज खिडकीजवळच्या भिंतीची जाडी. पडद्याला जाडी कशाला, असं विचारलं. ही म्हणाली, रॉड बसवायला. पडद्यांच्या विषयात इतकं खोल जाता येतं याची मला कल्पना नव्हती. गेलोच आहे तर म्हणून मी सगळं घरच मोजून काढलं. दारं, कोनाडे, बटणं, वायरी. कुठे काय आहे ते डोळे मिटून सांगू शकेन.
घरी आलो तर ओट्यावर बरेचसे कप धुऊन पालथे घातलेले. ही म्हणाली, आज सारखा चहा प्यावासा वाटत होता.

१९ मार्च, सकाळी
अनर्थ! रोजच्या बसच्या दगदगीने जागच आली नाही. उठलो तर उन्हं घरात. धोतरापायजम्याची शुद्ध न राहता खाली पळालो. बारा बिऱ्हाडं पाण्यावाचून खोळंबली असणार, माझ्या नावाने शंख करत असणार.
ढोलक्या पाइप लावून गाडी धूत होता. मी विचारलं, पाणी कुठून आलं? तो गडबडला. म्हणाला, टाकीत कालचं उरलं असेल, काका. बघा. काटकसर. कोणी शिकवली ते सांगायला नको. तरी खबरदारी म्हणून बटण दाबून ठेवलं.

२१ मार्च
बिल्डिंगमध्ये काहीतरी घडतंय. गेला आठवडाभर ड्रम बंद. स्कूटर पांढऱ्या पट्ट्यात अगदी सरळ उभी असते. दुसऱ्या मजल्यावरचा उडालेला बल्ब लागला. आणि आज तर कमालच झाली. जिना रंगवण्यासाठी मी किती वर्षं नोटिसा लावतोय, त्याच नोटिशींखाली लोक केर टाकायचे. आज सगळे बादल्या-ब्रश घेऊन आले आणि स्वतःच्या हातांनी रंगवायला लागले. स्कूटरवालीच्या नाकालासुद्धा रंग. मी सूचना द्यायला उभा राहिलो तर ही म्हणाली, जरा बाजारात जाऊन या.
जाता जाता मागे वळून पाहिलं. डोळे भरून आले. उशिरा का होईना, माझं म्हणणं पटलं लोकांना.

२४ मार्च, पहाटे
पंप लावला. जिन्यात उभा राहिलो. स्वच्छ, शांत, रंगवलेला. इतकी आदर्श बिल्डिंग सोडून जायचं? माणसं आता कुठे घडायला लागलीत. अशा वेळी त्यांना वाऱ्यावर सोडणं माझ्या स्वभावात नाही.
निर्णय बदलला. जायचं नाही. गुडघ्यांचं काय ते बघता येईल. हिला जिना चढायला त्रास होतो ना, मग उतरायचंच कशाला?
ही उठायच्या आत नोटीस लावली: ‘आनंदाची बातमी. तिसऱ्या मजल्यावरील रहिवासी कोठेही जात नाहीत. जल्लोष आवाज न करता करावा.’

२४ मार्च, दुपारी
जल्लोष आवाज न करता चालू आहे. जिन्यात चिटपाखरू नाही.

२४ मार्च, संध्याकाळी
सगळे आमच्या हॉलमध्ये जमले. मी इस्त्रीचा शर्ट घातला, भाषण खिशात ठेवलं. बसा म्हटलं तरी कोणी बसेना. सगळे हिच्याकडे बघायला लागले. ही खुर्चीचा हात धरून उठली आणि म्हणाली, घर विकलं गेलंय. रुंदीच्या दिवशी माणसं बघून गेली, उंचीच्या दिवशी भाव ठरला आणि जाडीच्या दिवशी करारावर सही झाली. जिना रंगवून द्यायची त्यांची अट होती, तीही सगळ्यांनी मिळून पुरी केली.
मी म्हटलं, माझ्या सहीशिवाय? ही म्हणाली, घर माझ्या नावावर आहे.
बरोबर आहे. टॅक्स वाचावा म्हणून मीच ते केलं होतं. माझी दूरदृष्टी चारचौघांत सिद्ध झाली, पण तसं कोणी म्हटलं नाही.
लोक गेल्यावर मी आवाज चढवणार होतो. तेवढ्यात ही म्हणाली, तुम्ही रोज एका बटणासाठी खाली जाता. मी बारा दिवस झाले, खाली गेले नाही. मागच्या वेळी उतरले ते बसून बसून, एकेक पायरी. तुम्ही तेव्हा बोर्डावर नोटीस चिकटवत होतात.
मला आठवलं. केराची नोटीस होती. मी मागे वळून पाहिलंच नव्हतं.
भाषणाचा कागद टेबलाच्या खणात ठेवला.

३० मार्च
सामान हललं. बाराही बिऱ्हाडं खोकी उचलायला. टेम्पोवाला म्हणाला, इतक्या झटपट रिकामं झालेलं घर मी आजवर पाहिलं नाही. याला म्हणतात जिव्हाळा.
हिच्या गळ्यात पडून स्कूटरवाली रडली. ढोलक्यानेही डोळे पुसले. मग त्या दोघांनी हिला खुर्चीत बसवून, खुर्चीसकट, खाली आणलं. हिने आयुष्यात एकही नोटीस लावलेली नाही. तरी. माझं भाषण राहिलं. उशीर होतोय म्हणाले.
निघताना ढोलक्याला बाजूला घेतलं आणि जिन्याखाली नेलं. म्हटलं, आता हे तुझं. वेळ सांगितली, किती जोरात दाबायचं ते दाखवलं. तो खाली मान घालून उभा. मग म्हणाला, काका, नवा पंप ऑटोमॅटिक आहे. टाकी उतरली की आपोआप सुरू होतो. हे बटण तेव्हाच काढणार होते. काकू म्हणाल्या, राहू द्या. मग आम्ही सगळ्यांनी राहू दिलं.
ढोलक्याला मशिनरीतलं काही कळत नाही. याला बँकेत घेतलं कोणी?
टेम्पोत पुढे बसलो. ही मध्ये, मी खिडकीशी. कोपरा वळेपर्यंत बिल्डिंग दिसत होती. मला फार वाईट वाटलं. इथे कोणी वाचत नाही म्हणून लिहितो.

२ एप्रिल, पहाटे
नवं घर. सवयीने जाग आली. करायला काही नाही. पडून राहिलो. इथेही नोटीस बोर्ड आहे, पण काचेच्या पेटीत, आणि तिला कुलूप.
ही उठली. चप्पल घातली आणि एकही पायरी न उतरता बाहेर गेली. खिडकीतून दिसत होती. झाडांपर्यंत जाऊन, एका पानाला हात लावून परत आली. चेहरा असा की मी बराच वेळ बघत राहिलो.
चहा ठेवताना म्हणाली, अहो, स्वयंपाकघराच्या दारामागे एक बटण आहे. पाण्याचं असावं. रोज पहाटे तेवढं लावाल का? बाकी कोणाच्या लक्षात राहायचं नाही.
हे घर मी स्वतः मोजलंय. दारामागे बटण आहे ते मला माहीत आहे. त्याला वायर नाही, तेही माहीत आहे. मी हिच्याकडे पाहिलं. ही चहाच्या पातेल्यात बघत होती.
उठलो. बटण दाबलं. अजिबात आवाज आला नाही. पंप चांगल्या कंपनीचा दिसतोय.