अमांदियुच्या पट्टीवरची खूण

मी, देओलिंदा फांगेरु, कै. आंतेरो फांगेरुची विधवा, वय त्र्याहत्तर, राहणार पोव्हुआ, कोळीवाड्यातली तिसरी गल्ली, माझ्या पश्चात काय कुणाचे व्हावे ते आज तोंडाने सांगत आहे आणि नोटरी लोबातु लिहून घेत आहेत. माझे डोके ठिकाणावर आहे. खात्रीसाठी नोटरींनी मला वार विचारला. मी वार सांगितला, आणि त्यांच्या टायवर कालच्या कालवणाचा डाग आहे हेही सांगितले. मला कुणी धमकावलेले नाही, भुलवलेले नाही. मला अक्षर येत नाही, म्हणून हा कागद शेवटी मोठ्याने वाचून दाखवावा. नोटरी म्हणतात, टायचे लिहायची गरज नाही. मी म्हणते, लिहा.

पहिले, घर. दोन खोल्या, वरचा माळा आणि मागची मासे सुकवायची जागा, हे सर्व माझी नात इरिया हिला द्यावे. ती माझ्या धाकट्या मुलाची, अमांदियुची, एकुलती एक मुलगी. कानातली सोन्याची मोठी कर्णफुलेही तिचीच. तिला पायऱ्या चढवेनाशा झाल्या तर माळा भाड्याने द्यावा, पण घर विकू नये. हे मी उगीच म्हणत नाही. आमच्या किनाऱ्यावर ज्याला पायांचा रोग म्हणतात तो तिला लागला आहे. आधी तळवे बधिर होतात, मग माणूस खालून वर मरत येतो. माझा नवरा त्यानेच गेला. अमांदियु चौऱ्याऐंशी साली छत्तिसाव्या वर्षी गेला; शेवटी चुलीजवळ बसला असता त्याच्या पायाचा अंगठा भाजला तरी त्याला कळले नाही, वास मला आला. इरिया एकोणतीस वर्षांची आहे. गेल्या महिन्यात तिची चप्पल रस्त्यात निघून पडली आणि ती तशीच दहा पावले चालली. मी मागून चालत होते. मी चप्पल उचलली आणि तिच्या पायात घातली.

दुसरे. होडीतला माझा हिस्सा, जाळी विणायच्या सुया आणि दोन्ही पेटारे थोरल्या झेफरिनुला. त्याच्याही रक्तात तोच दोष आहे, डॉक्टरांनी दोनदा तपासून सांगितले. तरी त्रेपन्नाव्या वर्षी तो जत्रेत पहाटेपर्यंत नाचतो आणि बायकोला लाज आणतो. त्याच्या बायकोला माझे मोठे पातेले द्यावे. तिने ते तीस वर्षांत चार वेळा मागून नेले आणि चारही वेळा खरकटे परत आणले. आता घासायचा प्रश्नच मिटला.

तिसरे, माझे काम. हे मालमत्तेत बसत नाही असे नोटरी म्हणतात. बसते, ऐका. एकसष्ट सालापासून तीस वर्षे मी पोर्तो शहरातल्या एका संशोधन संस्थेत काचेची भांडी धुतली. तिथे माणसांच्या पेशी बाटलीत वाढवतात. त्यांना वासराच्या रक्ताचे पाणी पाजतात, आणि ते नासले की त्याला जो वास सुटतो त्यापुढे आमचे बंदर म्हणजे अत्तराचे दुकान. त्या वासाची मला कधी किळस आली नाही. सडायचे ते सडते. किळस मला एकाच माणसाची आली. प्रोफेसर सारायवा. पेशींच्या थंड कपाटात स्वतःचा डबा ठेवायचे, आणि दुसऱ्या कुणी ठेवला तर त्याला सगळ्यांसमोर घाणेरडा म्हणायचे. कॉफीचे कप माझ्या बाटल्यांत आणून टाकायचे. मी धुतलेल्या बाटलीत काही बिघडले की, “देओलिंदाने नीट धुतलं नसेल.” नीट वाढले की प्रोफेसरांचे हात सोन्याचे.

बेनेदिता, मान वर कर. तुझे अजून आलेले नाही.

(नोटरींनी हेही लिहिले. चांगला माणूस आहे. ही डॉक्टर बेनेदिता सार्मेंतु, त्याच संस्थेतली, माझी साक्षीदार म्हणून इथे बसली आहे. तिला वाटले होते म्हातारीला जुनी ओळख हवी आहे.)

चौथे. हे नीट लिहा.

ब्याऐंशी साली माझ्या दोन्ही मुलांनी एकाच दिवशी संस्थेला आपल्या दंडाच्या कातडीचा तुकडा दिला. रक्तात दोष एकच, मग एक भाऊ आजारी का आणि दुसरा ठणठणीत का, हे त्यांना शोधायचे होते. पेशी वाढल्या, लहान कुप्यांत भरल्या, कुप्या अॅल्युमिनियमच्या पट्ट्यांवर बसवल्या, पट्ट्या गोठवायच्या टाकीत सोडल्या. टाकीपर्यंत त्या मीच हातात धरून नेल्या. अमांदियु दंडाला फडके बांधून शेजारी उभा होता. म्हणाला, “आई, बर्फात ठेवते आहेस, पण विकू नकोस हां, सार्डिन मासळी समजून.”

आमच्या लोकांत घरच्या वस्तूवर खूण नसेल तर ती समुद्राची. जाळे, वल्हे, तरांडे, थडगे, सगळ्यावर घराण्याची खूण कोरतात. आमची म्हणजे उभी रेघ आणि तिच्या डोक्यावर उलटा नांगर. निव्वळ खूण धाकट्याची. थोरला तिच्या बाजूला एक बारीक रेघ जोडतो. मी केसातली पिन काढली आणि पट्ट्यांच्या टोकावर ओरखडे काढले. झेफरिनुच्या पट्टीवर रेघेसकट, अमांदियुच्या पट्टीवर निव्वळ.

शहाऐंशी साली टाकी दुसऱ्या खोलीत हलवली. तिथली माणसे हात लावतील त्या वस्तूवर स्पिरिट मारतात, जंतू मरावेत म्हणून. कुप्यांवरची शाई त्याच स्पिरिटने पुसली गेली. शिकलेली माणसे पुसले जाणारे लिहितात आणि मग पुसतात. नव्या आलेल्या पोरीला प्रोफेसर म्हणाले, “वहीत क्रम आहे, बघून लिहून टाक, जेवायला जायचंय.” वहीतला क्रम भिंतीकडून होता. पोरीने दाराकडून मोजले. मग आजाऱ्याच्या कुप्यांना लाल टोपी, निरोग्याच्या कुप्यांना हिरवी. अक्षर मला येत नाही, रंग येतात. दुसऱ्या दिवशी निव्वळ खुणेच्या पट्टीवर हिरवी टोपी होती.

मी तशीच हातमोज्यांनिशी गेले. म्हटले, “प्रोफेसर साहेब, हिरवी टोपी माझ्या धाकट्याला लागली आहे. तो तर गेला.”

ते म्हणाले, “देओलिंदाबाई, तुम्हाला स्वतःचं नाव वाचता येत नाही, आणि तुम्ही माझी लेबलं वाचता?”

सगळे हसले. पोरगी हसली नाही. ती पांढरी पडली होती.

पुढे प्रोफेसरांनी त्या हिरव्या टोप्यांतून शोध लावला. निरोगी भावाच्या पेशींत एक पदार्थ जास्त सापडतो, तोच त्याला वाचवतो, असा. बक्षिसे आली. त्या पेशींचा फोटो माणसाएवढा मोठा करून संस्थेच्या दालनात लावला आणि खाली लिहिले, म्हणे, “ज्याला रोग शिवला नाही.” पाच वर्षे मी रोज त्या फोटोखालची फरशी पुसली. माझे मेलेले पोर भिंतीवर, त्याच्या भावाच्या नावाने. फोटोखाली प्रोफेसर पाहुण्यांना वाइन पाजायचे, आणि ग्लास धुवायला माझ्याकडे.

आता त्याच पदार्थाचे, म्हणजे रोगाने मेलेल्या माझ्या पोराच्या पेशींत जो जास्त होता त्याचे, इंजेक्शन माणसांना द्यायचे चालले आहे आणि पहिल्या यादीत इरियाचे नाव आहे. या रोगाचे विष यकृतात तयार होते, म्हणून तिचे नाव यकृत बदलण्याच्या यादीतही आहे. प्रोफेसर तिला म्हणाले, दोन्ही चालणार नाही, यकृताच्या यादीतून नाव काढा. येत्या महिन्यात तिला सही करायची आहे. ती मला म्हणते, “आजी, एवढा मोठा माणूस चुकेल का गं?” अगं, लहान माणूस चुकला असता तर दुसऱ्या दिवशी दुरुस्त झाले असते.

हवे काय आहे? झेफरिनुचे रक्त आणि दोन्ही पट्ट्या. कुठल्या पेशी त्याच्या ते ताडून पाहायचे, बस. झेफरिनुला विचारले तर म्हणाला, “आई, रक्तच ना? बादली आण.” प्रोफेसर नाही म्हणतात. म्हणे लेबले व्यवस्थित आहेत. खूण बघायला टाकी उघडतसुद्धा नाहीत.

म्हणून: अमांदियुच्या मृत्यूनंतर त्याच्या पेशी ठेवायला संमती म्हणून माझा अंगठा घेतला होता. त्या संमतीवरचा माझा हक्क मी आजपासूनच, माझ्या मरणाची वाट न पाहता, इरियाला देते. तिने त्या पेशी दुसऱ्या शहरातल्या परक्या प्रयोगशाळेकडून ताडून घ्याव्यात. उत्तर येईपर्यंत तिने यकृताच्या यादीतून नाव काढू नये. घराला ही अट मी जोडत नाही. घर तिचेच. पण तिने ऐकले नाही तर मी तिच्या माळ्यावर येऊन राहीन, आणि मी घोरते.

बेनेदिता, आता तुझे. ती पोरगी तू. कायद्याने साक्षीदाराला काही देता येत नाही असे नोटरी सांगतात. बरे झाले, तुला द्यायला माझ्याकडे शिव्याच होत्या, आणि त्याही जुन्या झाल्या. तेव्हा तू पंचवीस वर्षांची होतीस, तुझी चूक मी तेव्हाच धुतली. पण तेरा वर्षे तू त्या फोटोखालून जातेस आणि खाली बघतेस. ते मला धुता आले नाही.

पाचवे, पेन. मी निवृत्त झाले तेव्हा प्रोफेसरांनी भाषण करून मला शाईचे पेन दिले. मला. पेन! त्यावर माझे नाव कोरले आहे असे ऐकते. ते प्रोफेसर सारायवांना परत द्यावे. त्यांना बरेच खोडायचे आहे. ते माझ्या अंत्ययात्रेला आलेच तर त्यांना मासे धुतलेले पाणी जिथून वाहते त्या बाजूला उभे करावे आणि बोलायला सांगू नये.

सहावे, खूण. रीतीने निव्वळ खूण धाकट्या मुलाची. तो गेला. रीत मुलीचे नाव घेत नाही, पण रीत करणारेही सगळे गेले. ती मी इरियाला देते. माझ्या थडग्यावर तीच कोरावी. अक्षरांवर पैसे घालवू नयेत.

हे सर्व मला वाचून दाखवले. मी सांगितले तेच आहे, टायसकट.

पोव्हुआ, ता. १२ ऑक्टोबर १९९९.

नोटरीची नोंद: सही येत नसल्याने मृत्युपत्रकर्तीचा अंगठा घेण्याचा तीनदा प्रयत्न केला. अनेक वर्षे सोडा आणि कढत पाणी यांमुळे बोटांवरच्या रेषा गेल्या आहेत. शाईचा नुसता डाग उठतो. त्या म्हणाल्या, “बघा, मला पण पुसून टाकलंय.” मग त्यांनी केसातली पिन काढून शाईत बुडवली आणि खाली स्वहस्ते घराण्याची खूण काढली, उभी रेघ, तिच्यावर उलटा नांगर, बाजूला काही नाही. ती मी त्यांची सही म्हणून मान्य केली आहे.

साक्षीदार पहिली: अल्बेर्तिना क्राव्हेरु, मासेविक्री, शेजारीण. सही केली.

साक्षीदार दुसरी: डॉ. बेनेदिता सार्मेंतु. चौथे कलम वाचून झाल्यावर त्यांनी बाहेर जाण्याची परवानगी मागितली. मृत्युपत्रकर्ती म्हणाल्या, “जा, पण पर्स ठेवून जा.” त्या पंधरा मिनिटांनी परत आल्या, सही केली, आणि सहीखाली आपल्या हाताने पुढील ओळ लिहिली, जी मी जशीच्या तशी ठेवत आहे:

“मी दाराकडून मोजले होते. टाकीची किल्ली माझ्याकडेही असते. इरियाने उद्या सकाळी काकांना घेऊन यावे.”